होडी जपली, माणसे पुसली : केरळच्या केट्टुवळ्ळमचा वारसा नेमका कोणाचा?



"होडीचा आणि आपल्या चळवळीचा काय संबंध?" हा लेख उघडताना हा प्रश्न अनेकांच्या मनात येईल. शिष्यवृत्ती अडकलेली आहे, अत्याचाराच्या बातम्या रोज येत आहेत, कंत्राटीकरणाने आरक्षण पोखरले आहे. अशा वेळी जुन्या लाकडी होड्यांच्या जतनावर लिहिणे ही चैन वाटू शकते. म्हणून आधी एक प्रसंग सांगतो. तो वाचूनही संबंध लागला नाही, तर पुढचा लेख वाचू नका.

पाण्यावर भरलेली सभा

१९१३ साली कोचीन संस्थानात पुलया समाजाची सभा भरवायचे ठरले. पुलया म्हणजे केरळमधली शेतात राबणारी अस्पृश्य जात. शेजारच्या त्रावणकोर संस्थानात १८५५ पर्यंत आणि कोचीनमध्ये १८५४ पर्यंत ही माणसे कायद्याने गुलाम होती. जमीन विकली की तिच्यासोबत तीही विकली जात. कायद्याने गुलामी संपली, पण रस्ता खुला झाला नाही. सवर्णापासून किती पावले लांब उभे राहायचे याचे हिशेब ठरलेले होते. एर्नाकुलम शहरात पुलयांना मज्जाव होता. सभेसाठी कोणी जमीनदार जागा देणार नव्हता आणि उरलेली जमीन महाराजांची.

मग सभा घ्यायची कुठे? जमिनीवर बंदी आहे, पाण्यावर नाही. एर्नाकुलमच्या काठाला लागून कायल आहे. कायल म्हणजे समुद्रालगतचे खाऱ्या-गोड्या पाण्याचे अफाट तळे. बेटाबेटांवरून पुलया स्त्री-पुरुष आपापल्या लहान होड्या घेऊन त्या पाण्यात जमले. होड्या एकमेकींना बांधल्या, त्यांवर फळ्या टाकल्या आणि त्या डुलत्या व्यासपीठावर सभा झाली. केरळच्या इतिहासात ती 'कायल सम्मेलनम्' म्हणून ओळखली जाते. या कामात पुढे होते कृष्णादी आशान, के. पी. वळ्ळोन यांच्यासारखे पुलया कार्यकर्ते आणि त्यांच्यासोबत पंडित करुप्पन. करुप्पन स्वतः मच्छीमार समाजातले, संस्कृतचे विद्वान, जातीवर घाव घालणारे कवी. त्याच वर्षी कोचीनमध्ये पुलयांची संघटना उभी राहिली. भारताच्या संविधान सभेतील एकमेव दलित महिला सदस्य दाक्षायणी वेलायुधन याच कायलमधल्या मुळवुकाड बेटावर १९१२ साली जन्मल्या.

या प्रसंगाला जोडून आणखी एक आठवण सांगितली जाते. पुढे एर्नाकुलममध्ये शेतीमालाचे प्रदर्शन भरले. भात, केळी, नारळ सगळे मांडलेले. करुप्पन यांनी अधिकाऱ्यांच्या लक्षात आणून दिले की हे सगळे ज्यांनी पिकवले ती माणसे इथे येऊ शकत नाहीत, ती बाहेर पाण्यावर होड्यांत बसली आहेत. त्यानंतर पुलयांना प्रदर्शनात येण्याची परवानगी मिळाली.

माल आत, पिकवणारा बाहेर होडीत. मित्रांनो, हे चित्र लक्षात ठेवा. आज केरळमध्ये जुन्या होड्यांचे जे 'जतन' चालले आहे ते या चित्राची उलटी आवृत्ती आहे. आता होडीच प्रदर्शनात आहे आणि माणूस पुन्हा बाहेर आहे.

सुईदोऱ्याची होडी

केरळच्या अंतर्गत जलमार्गांवर मालवाहतूक करणाऱ्या मोठ्या लाकडी होडीला केट्टुवळ्ळम म्हणतात. मल्याळममध्ये 'केट्टु' म्हणजे बांधणे आणि 'वळ्ळम' म्हणजे होडी. नाव अगदी शब्दशः खरे आहे. या होडीत खिळा नसतो. फणसाच्या कुळातल्या आंजिली नावाच्या झाडाच्या लांब फळ्या घेतात, कडेने भोके पाडतात आणि काथ्याच्या दोरीने एकमेकींना शिवतात. सांध्यात काथ्या ठासून भरतात. वरून काजूपासून काढलेला काळा राळेसारखा लेप देतात, त्यामुळे होडी काळीभोर दिसते. मोठ्या होड्या साठ ते शंभर फूट लांबीच्या असत आणि तीस टनांच्या आसपास माल घेत. वारा अनुकूल असला की शीड उभारायचे. वारा पडला किंवा कालवा अरुंद झाला की लांब बांबू तळाला रोवून अंगाच्या जोराने होडी पुढे ढकलायची. कुट्टनाडचा तांदूळ, काथ्या, खोबरे, मसाले कोचीच्या बाजारात पोहोचवायला दोन-तीन दिवस लागत.

या बांधणीतली एक गोष्ट जतनाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. काथ्याचा टाका कायम टिकत नाही. ठरावीक वर्षांनी होडी पाण्याबाहेर काढून, टाके उसवून, पुन्हा शिवावी लागते. खराब झालेली फळी बदलावी लागते. म्हणजे पन्नास वर्षांच्या केट्टुवळ्ळममध्ये पन्नास वर्षांपूर्वीचा एकही टाका नसतो. मग 'जुनी' काय असते? शिवण्याची रीत, आणि ती ज्या हातांना येते ते हात. दगडी लेणे कुलूप लावूनही काही शतके टिकते. शिवलेली होडी कुलपात ठेवली की मेली. होडी जपायची म्हणजे शिवणारे हात जपायचे, याला दुसरा अर्थच नाही. आपला पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा मात्र वस्तूचे वय मोजतो, शंभर वर्षांची अट घालतो. ज्या वस्तूचा देह सतत बदलत राहतो तिला तो कायदा काय संरक्षण देणार?

तांदूळ कोणी पिकवला?

होडीत भरलेल्या तांदळाकडे आता वळू. कुट्टनाड हा भाग समुद्रसपाटीच्या खाली आहे. कोकणात आणि गोव्यात खाडीच्या पाण्याला बांध घालून खाजण जमीन काढतात ते आपल्याला माहीत आहे. कुट्टनाडमध्ये हेच काम प्रचंड प्रमाणावर झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९४० च्या दशकापर्यंत वेंबनाड कायलचा भाग टप्प्याटप्प्याने बांध घालून अडवला गेला. तळातला चिखल काढण्यासाठी मजूर पाण्यात बुड्या मारत, चिखलाची ढेकळे वर आणत, होडीत भरून बांधावर टाकत. आतले पाणी उपसायला पायाने फिरवायची लाकडी पाणचक्रे होती. त्यावर माणसे तासन्‌तास चालत राहत. हे बांधणारे हात मुख्यतः पुलया आणि परया समाजाचे होते. बांध फुटू नये म्हणून एखाद्या मजुरालाच भगदाडात गाडल्याच्या कथा त्या समाजांच्या मौखिक स्मृतीत आजही आहेत.

जमीन ज्यांच्या नावावर झाली ते इतिहासात 'कायलचे राजे' म्हणून गौरवले गेले. १९७० नंतरच्या ज्या जमीन सुधारणांचे आपण कौतुक ऐकतो, त्यात कुळांना शेत मिळाले. बांध घालणाऱ्या दलित मजुराच्या वाट्याला बहुतेक ठिकाणी झोपडीपुरता तुकडा आला. २०१३ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने कुट्टनाडच्या या शेतीपद्धतीला जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. गौरव पद्धतीचा झाला. ती पद्धत ज्यांच्या पाठीवर उभी राहिली त्यांचा उल्लेख शोधावा लागतो.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. केट्टुवळ्ळमवरचा प्रत्येक माणूस दलित नव्हता. होडी बांधणारे बहुतेक सुतार समाजाचे. चालवणाऱ्यांत इळवा, मुस्लिम, ख्रिस्ती, पुलया सगळेच. नारळाची सोडणे कुजवून, झोडपून काथ्या वळणाऱ्या हजारो बहुजन स्त्रिया. आपण खोटा दावा करण्याची गरज नाही. ही होडी अनेक कष्टकरी जातींनी मिळून तरंगती ठेवली होती, एवढेच सत्य पुरेसे आहे. कारण पर्यटनाच्या माहितीपत्रकात यांतले कोणीच नाही.

हाउसबोट म्हणजे जतन?

रस्ते आले, पूल झाले, ट्रक आले आणि केट्टुवळ्ळमचे काम संपत गेले. होड्या काठावर कुजू लागल्या. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांवर खोल्या बांधून पर्यटकांना फिरवण्याची कल्पना निघाली. आज 'केरळ हाउसबोट' जगभर प्रसिद्ध आहे. काही होड्या यामुळे वाचल्या, काही कारागिरांना काम मिळाले, हे मान्य केले पाहिजे. पण पुढे धंदा वाढला तशा सुरुवातीपासूनच हॉटेल म्हणून बांधलेल्या बोटी आल्या. त्यांना शीड नाही, बांबू नाही. डिझेलचे इंजिन आहे, वातानुकूलन आहे, आणि सांडपाणी त्याच वेंबनाडमध्ये जाते ज्याला २००२ साली रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला.

या बोटीवर बसलेल्या पर्यटकाला 'रम्य भूतकाळ' विकला जातो. तांदूळ वाहणारी शांत होडी, हिरवे काठ, नारळाची झाडे. त्या काठावरून कोणाला चालायची परवानगी नव्हती, हे सांगितले जात नाही. कायल सम्मेलनमची गोष्ट त्याच पाण्यावर घडली, तीही सांगितली जात नाही. जमीनदाराचे जुने घर 'हेरिटेज होम' होते, त्याची होडी 'हेरिटेज बोट' होते, आणि त्याचा गुलाम कशातच मावत नाही. इतिहास असा गाळला की जात आपोआप अदृश्य होते. ब्राह्मणी इतिहासलेखनाची ही जुनी खोड आहे. आता तिला पर्यटन खात्याचा रंग लागला, इतकेच.

नॉरफोकचा धडा

जतन दुसऱ्या पद्धतीने होऊ शकते का? इंग्लंडमधले एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. पूर्व इंग्लंडच्या नॉरफोक भागात नद्या आणि उथळ तळी यांचे जाळे आहे. तिथे 'व्हेरी' नावाच्या एका मोठ्या काळ्या शिडाच्या लाकडी मालवाहू होड्या चालत. दोन माणसे एवढी होडी हाकत. रेल्वे आणि मोटारींपुढे त्या संपल्या. १९४९ साली काही लोकांनी नॉरफोक व्हेरी ट्रस्ट स्थापन केला आणि १८९८ साली बांधलेली 'अल्बियन' ही होडी पुन्हा पाण्यावर आणली. सुरुवातीची काही वर्षे तिच्यातून खराच माल वाहून पाहिला. तो हिशेब जमला नाही, तेव्हा लोकांना सफरी घडवून तिचा खर्च भागवला. आज सव्वाशे वर्षांहून जुनी ती होडी शिडावरच चालते. तिला चालवणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत. ते व्हेरीवाल्यांच्या घरात जन्मलेले नाहीत. त्यांनी ते शिकून घेतले आहे.

इंग्लंड म्हणजे समतेचा स्वर्ग आहे असे कोणी समजू नये. तिथेही वर्ग आहे. पण या उदाहरणात आपल्यासाठी एक मोठी गोष्ट आहे. तिथे होडी चालवण्याचे कौशल्य जन्मापासून सुटे झाले. ज्याला शिकायचे तो शिकतो. आपल्याकडे 'पारंपरिक कारागिरी जपा' म्हणताना नेमके उलटे होते. सुताराच्या मुलाने सुतारच राहावे, काथ्या वळणारीच्या मुलीने काथ्याच वळावा, म्हणजे कला टिकेल, असा गोड भाषेतला वर्णाश्रम सांगितला जातो. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन'मध्ये १९३६ सालीच बजावले होते की जात ही कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. ज्या जतनासाठी माणसाला बापाच्या धंद्यात अडकून राहावे लागते, ते जतन आपल्याला नको.

म्हणूनच आपल्यातल्या एका आक्षेपाला इथेच उत्तर देतो. "जुन्या गोष्टींसाठी आपण का रडायचे? बांबू रोवून तीस टन ढकलण्यापेक्षा ट्रक बरा." बरोबर आहे. त्या कष्टांसाठी कोणीही रडू नये. खेड्याच्या रम्य चित्राला बाबासाहेब भुलले नाहीत, आपणही होडीच्या रम्य चित्राला भुलू नये. पण कष्ट संपणे वेगळे आणि कष्टांचा पुरावा संपणे वेगळे. पुरावा संपला की उद्या कोणीही म्हणेल की असे काही नव्हतेच. न्यायाची मागणी करणाऱ्याला पुरावा लागतो. आपल्यासाठी होडी हा तो पुरावा आहे, आणि तिच्यात गुंतलेले ज्ञान हे आपल्या लोकांच्या बुद्धीचे प्रमाणपत्र आहे. खिळ्याशिवाय तीस टन पेलणारी होडी अडाणी माणसे शिवत नाहीत.

नाव कोणाचे लागते?

सरकार पैसे देत नाही असेही नाही. गौरवाचा विषय असला की देते. २०२५ च्या मे महिन्यात कारवार येथे 'आयएनएसव्ही कौंडिण्य' हे शिवलेले शिडाचे जहाज भारतीय नौदलात दाखल झाले. हे समुद्रात जाणारे जहाज आहे, केट्टुवळ्ळमसारखे कायलमधले नव्हे. पण विद्या तीच, फळ्या दोरीने शिवण्याची. ते गोव्यात बांधले गेले, शिवणारे कारागीर केरळचे. नमुना कुठला? आपल्या अजिंठ्याचा. पाचव्या शतकातल्या भित्तिचित्रात रंगवलेले जहाज समोर ठेवून त्याचा आराखडा केला गेला. म्हणजे बौद्ध भिक्खूंच्या विहारात, बौद्ध कथा सांगताना काढलेले चित्र.

आणि नाव कोणाचे? कौंडिण्य म्हटले की आपल्याला सारनाथला तथागतांचा पहिला उपदेश ऐकणाऱ्या पाच जणांतला कौंडिण्य आठवतो. पण जहाजाला नाव दिले आहे ते आग्नेय आशियात गेलेल्या दंतकथेतल्या नाविकाचे, ज्याला परंपरा ब्राह्मण म्हणून ओळखते. कारागिरांच्या कामाबद्दल आदरच आहे, त्यांनी जे केले ते अद्भुत आहे. प्रश्न एवढाच की चित्र बौद्धांचे, हात कष्टकऱ्यांचे आणि नाव मात्र तिसऱ्याचेच, हे दर वेळी कसे जमते?

जलमार्ग आणि बाबासाहेब

अंतर्गत जलमार्ग हा विषय आपल्याला परका नाही, कारण तो बाबासाहेबांचा विषय होता. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना सिंचन, वीज आणि जलमार्ग हे विषय त्यांच्याकडे होते. त्यांच्याच काळात १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. नोव्हेंबर १९४५ मध्ये कटक येथे ओडिशाच्या नद्यांवर बोलताना त्यांनी पूर, सिंचन आणि विजेबरोबर नौकानयनाचाही विचार मांडला आणि रेल्वेच्या काळात जलवाहतुकीकडे झालेल्या दुर्लक्षावर बोट ठेवले. पुढे १९९३ मध्ये केरळमधला कोल्लम ते कोट्टपुरम हा मार्ग राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ३ झाला आणि २०१६ च्या कायद्याने देशातल्या जलमार्गांची संख्या १११ झाली. किती जणांना ठाऊक आहे की या विचाराच्या पायाभरणीत बाबासाहेब होते?

आणि पाण्याच्या वाटेचा उपयोग त्यांनी चळवळीतही केला. २४ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या दुसऱ्या परिषदेसाठी निघताना ते प्रतिनिधींसह मुंबईहून 'पद्मावती' बोटीने सावित्रीच्या खाडीतल्या दासगाव बंदराकडे गेले. धरमतरच्या वाटेने गेले तर पुढे मोटारवाले ऐनवेळी नेण्यास नकार देतील ही शक्यता होती. दासगावहून महाड पायी गाठता येत होते. ती होती वाफेची बोट, शिडाची नव्हे. पण कोचीनमध्ये १९१३ साली जे घडले त्याच्याशी हे जोडून पाहा. जमिनीची वाट जातीने अडवली की आपल्या माणसांनी पाण्याची वाट धरली. एकीकडे पाण्यावर सभा भरली, दुसरीकडे पाण्यावरून जाऊन २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली.

मग मागणी काय?

पहिली : कायलच्या काठावर आणि होड्यांच्या प्रत्येक संग्रहालयात कायल सम्मेलनमची गोष्ट ठळक लिहिली गेली पाहिजे. जिच्यावर माल होता त्या होडीशेजारी, जिच्यावर माणसे जमली ती होडीही उभी राहिली पाहिजे.

दुसरी : होडी शिवण्याचे शिक्षण जातीच्या घरात न ठेवता आयटीआयसारख्या खुल्या संस्थेत यावे. कोणत्याही जातीच्या मुलाला, मुलीला प्रवेश, पगारी उमेदवारी आणि सरकारी प्रमाणपत्र मिळावे. काही होड्या शिडासकट, इंजिनाशिवाय चालत्या ठेवाव्यात.

तिसरी : पर्यटनाच्या उत्पन्नात बांध घालणाऱ्यांच्या आणि काथ्या वळणाऱ्यांच्या वारसांच्या सहकारी संस्थांना हक्काचा वाटा हवा. बोटीवर भांडी घासायची नोकरी म्हणजे वाटा नव्हे.

चौथी मागणी सरकारकडे नाही, ती आपल्याकडे आहे. पाणचक्रावर चाललेली, चिखलासाठी बुड्या मारलेली, शीड ओढलेली शेवटची पिढी आज ऐंशी-नव्वदीत आहे. त्यांच्या मुलाखती मल्याळी मित्रांनी घ्याव्यात, घेतही आहेत. आपण आपल्या खाड्यांवर हे काम करावे. दासगाव बंदरात त्या दिवशी उतरलेल्यांची नातवंडे आपल्यातच आहेत. सावित्री, कुंडलिका, वाशिष्ठीवर होड्या, मचवे, पडाव कोण हाकत होते, माल कोण उतरवत होते, उताऱ्यात आपल्या माणसाला कुठे बसवत होते, हे आजी-आजोबांना विचारा. मोबाइल खिशात आहे. रेकॉर्ड करा, तारीख घाला, गावाचे नाव घाला.

टाका उसवला की होडी पुन्हा शिवता येते, शिवणारा असेल तर. आठवणीचे तसे नाही. माणूस गेला की ती गेली. म्हणून हे काम पुढच्या जयंतीपर्यंत लांबवू नका, या रविवारीच सुरू करा.

जयभीम! नमो बुद्धाय!